कॅसिनीचं कोठार अजून उघडं आहे : 'ओपस' या मोफत सेवेचा खानदेशातल्या शाळांसाठी आढावा

15 सप्टेंबर 2017, शुक्रवार. आपल्या घड्याळात संध्याकाळचे 5 वाजून 25 मिनिटं 46 सेकंद झाले आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या 70 मीटर व्यासाच्या तबकडीवर येणारा कॅसिनी यानाचा संदेश थांबला. यान त्याआधी 83 मिनिटं, म्हणजे चारच्या सुमारास, शनीच्या वातावरणात विरूनही गेलं होतं. वाटेवर होते ते फक्त त्याचे शेवटचे रेडिओ संदेश. 15 ऑक्टोबर 1997 ला निघालेलं, 2004 च्या जुलैपासून शनीभोवती फिरलेलं आणि 294 प्रदक्षिणा पुऱ्या करून संपलेलं हे यान मागे 4,53,048 चित्रं आणि 635 जीबी वैज्ञानिक माहिती ठेवून गेलं.

हा आढावा त्या ठेव्यापर्यंत नेणाऱ्या 'ओपस' या शोधसेवेचा आहे. नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहाची कडी आणि चंद्र यांच्यासाठीची शाखा अमेरिकेतल्या सेटी इन्स्टिट्यूटमध्ये आहे, ती ही सेवा चालवते. पैसे नाहीत, नोंदणी नाही, पासवर्ड नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा, महाविद्यालयं आणि खगोलमंडळांना ती कितपत उपयोगी पडते, कुठे अडवते आणि अडली की काय करायचं, एवढंच इथे पाहू.

गरज कशाला, तर दर सप्टेंबरात कॅसिनीच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम करायचा विचार बऱ्याच ठिकाणी होतो आणि खानदेशात तो दिवस नेमका भाद्रपदातला. ढग, दमट हवा, कधी सरी. दुर्बीण मांडून बसलं तर शनी दिसेलच याची खात्री नाही. कार्यक्रम मग प्रोजेक्टरवर येतो, आणि प्रोजेक्टरवर बहुतेक वेळा मोबाइलवर फिरणारी तीच चार चित्रं दाखवली जातात. त्यातलं जळत्या यानाचं चित्र तर छायाचित्रच नसतं, ती चित्रकाराची कल्पना असते. यान जळताना त्याचा फोटो काढायला तिथे दुसरं कोणी नव्हतं, आणि यानाचे स्वतःचे कॅमेरे आदल्या दिवशीच बंद केलेले होते.

ते बंद का केले, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर फळ्यावर दोन ओळींत मांडता येतं. शेवटच्या तासांत यान मिळालेली माहिती साठवून न ठेवता लगेच पृथ्वीकडे धाडत होतं, वेग सेकंदाला सुमारे 27 किलोबिट. कॅमेऱ्याचं एक पूर्ण चित्र 1024 गुणिले 1024 ठिपक्यांचं. दर ठिपक्याला 8 बिट धरले तर जवळपास 84 लाख बिट. 27 हजारांनी भागा, 310 सेकंद येतात, म्हणजे एका चित्राला पाच मिनिटांहून जास्त. वातावरणात शिरल्यावर यानाला तोल सांभाळायला मिळाला मिनिटभराचा वेळ. तोल सांभाळणारी छोटी इंजिनं, म्हणजे थ्रस्टर, 10 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर गेले, तरी हवेचा रेटा भारी पडला. 4 मीटरची अँटेना पृथ्वीवरून जराशी हलली आणि संपर्क तुटला. तरीही अंदाजापेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त टिकलं. अशा वेळी ती चिंचोळी वाट चित्रांवर खर्च न करता वातावरणातले वायू मोजणाऱ्या, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणांना दिली, हा निर्णय पूर्णपणे योग्य होता. त्यामुळे संग्रहात 15 तारखेची चित्रं शोधू नका. 13 आणि 14 सप्टेंबर या तारखा पक्क्या धरा.

आता प्रत्यक्ष वापर. पान उघडलं की डाव्या बाजूला शोधाच्या अटी आणि वर जुळणाऱ्या नोंदींचा आकडा दिसतो. अट बदलली की आकडा तिथल्या तिथे बदलतो, आणि ही या सेवेची सर्वांत चांगली गोष्ट. अट चुकली तर आकडा एकदम शून्यावर येतो, चूक कुठे झाली ते लगेच कळतं. सुरुवातीला तीनच अटी लावा. मिशन : कॅसिनी. उपकरण : कॅसिनी आयएसएस (हीच कॅमेऱ्यांची जोडी, एक लांब पल्ल्याचा आणि एक रुंद चौकटीचा). वेळ : 2017-09-13 पासून 2017-09-15 पर्यंत. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. हे विसरलं की शेवटची काही चित्रं यादीतून गळतात आणि संग्रहच अपुरा आहे असा गैरसमज होतो. निकाल छोट्या चित्रांच्या भिंतीसारखे किंवा तक्त्यासारखे पाहता येतात. प्रोजेक्टरवर भिंत छान दिसते, पण निवड करताना तक्ताच उघडा, कारण फिल्टरचं नाव आणि उघडझापेचा काळ (एक्स्पोजर) त्यात शेजारी शेजारी दिसतो.

पहिली ठेच इथे लागते. 'इंटेंडेड टार्गेट' या रकान्यात एन्सेलॅडस (शनीचा बर्फाळ चंद्र) लिहिलं म्हणजे एन्सेलॅडसची सगळी चित्रं आली असं समजू नका. त्या रकान्यात निरीक्षणाचा हेतू लिहिलेला असतो. कडी टिपताना कोपऱ्यात सापडलेला चंद्र त्यात येत नाही. चौकटीत खरोखर काय पडलं ते भूमितीवरून काढून ठेवलेलं आहे, ते 'सरफेस जॉमेट्री' या वेगळ्या कप्प्यात मिळतं. शनीची चकती आणि एन्सेलॅडस एकाच चौकटीत हवे असतील तर हाच कप्पा वापरा. 13 सप्टेंबरला एन्सेलॅडस शनीच्या कडेमागे मावळताना टिपलेली चित्रमाला आहे. वर्गात दाखवायला या संग्रहात याहून चांगलं काही नाही असं आमचं मत आहे, कारण कॅसिनीचा शेवट ज्याच्यासाठी ठरवला गेला तोच हा चंद्र.

तेवढं कारण स्पष्ट सांगायला हवं. इंधन संपत आलं होतं. इंधन संपलेलं यान वळवता येत नाही, आणि तसंच सोडलं तर पुढे कधीतरी एन्सेलॅडसवर किंवा शनीच्याच टायटन या चंद्रावर आदळण्याची शक्यता उरते. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळताना याच यानाने 2005 मध्ये पाहिले, पुढे बर्फाखालच्या समुद्राचे पुरावे मिळाले, आणि त्या फवाऱ्यात हायड्रोजन असल्याचं 2017 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. यानावर पृथ्वीवरचे चिवट जंतू उरलेले असू शकतात, शिवाय विजेसाठी नेलेल्या प्लुटोनियमची उष्णता. अशा यानाने त्या समुद्रात जायला नको, म्हणून त्याला शनीतच उतरवलं. त्याआधी 26 एप्रिल 2017 पासून शनी आणि कड्यांच्या मधल्या फटीतून 22 झेपा घेतल्या. ही जागा आधी धोक्याची म्हणून टाळलेली होती. शेवट ठरलेलाच असल्यामुळे तो धोका पत्करता आला.

पुन्हा सेवेकडे. चित्र निवडलं की ते 'कार्ट'मध्ये टाकायचं आणि मग कोणत्या प्रकारची फाइल हवी ते निवडायचं. इथे बहुतेक जण सगळ्या खुणा तशाच ठेवून उतरवायला लावतात आणि दिवसाचा दीड जीबीचा पॅक संपवतात. हिशेब असा : कच्च्या चित्राची फाइल साधारण 1 ते 2 एमबी, सुधारलेल्या म्हणजे कॅलिब्रेटेड चित्राची 4 एमबी, कारण तिच्यात दर ठिपक्याला 32 बिट असतात. शंभर सुधारलेली चित्रं म्हणजे 400 एमबी. नुसतं दाखवायचं असेल तर फक्त 'ब्राउज' प्रकारची मोठी प्रतिमा घ्या, ती हलकी असते आणि कुठल्याही मोबाइलवर उघडते. रंगीत चित्र बनवायचं असेल तर मात्र सुधारलेली फाइलच लागते.

कच्चं आणि सुधारलेलं यातला फरक कापसाच्या मुलखात समजावणं सोपं आहे. कच्ची फाइल म्हणजे वेचून आणलेला कापूस, सरकीसकट. कॅमेऱ्याच्या चिपवरचे कमीजास्त संवेदनशील ठिपके, अंधारातही जमणारा विद्युतभार, वैश्विक किरणांचे पांढरे टिपके, वाटेत हरवलेल्या ओळी, सगळं त्यात आहे. सुधारलेली फाइल जिनिंगमधून निघालेल्या रुईसारखी. पण जिनिंगनंतरही थोडी काडी उरते, तसे वैश्विक किरणांचे टिपके सुधारलेल्या फाइलीतही सापडतात. त्यांना नवा चंद्र समजू नका. एकच टिपका लागोपाठच्या दोन चित्रांत, तारे सरकतात किंवा चंद्र सरकतो त्या हिशेबात दिसला, तरच त्याच्याकडे लक्ष द्या.

दुसरी मोठी ठेच फाइलीच्या प्रकाराची. ही चित्रं '.आयएमजी' या जुन्या साच्यात येतात, सोबत '.एलबीएल' नावाची मजकुराची फाइल असते. गिम्पसारख्या चित्रं हाताळायच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी टिचकी मारून ती उघडत नाहीत. इमेजजे या वैज्ञानिक चित्रांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा डेटा म्हणून 1024 बाय 1024 असं सांगून उघडली तर चित्र तिरकं, कापल्यासारखं दिसतं. फाइल खराब नसते. लेबलमध्ये 'रेकॉर्ड बाइट्स' ही ओळ पाहा : 8 बिटच्या कच्च्या फाइलीत तिथे 1024 ऐवजी 1048 असतं. प्रत्येक ओळीच्या आधी 24 बाइटची जास्तीची माहिती जोडलेली असते, म्हणून दर ओळ 24 ठिपक्यांनी सरकत जाते. उपाय दोन. इमेजजेमध्ये रुंदी 1048 द्यायची, लेबल किती ओळींचं आहे ते पाहून सुरुवातीच्या तितक्या ओळींचे बाइट सोडायचे आणि मग डावीकडची पट्टी कापायची. नाहीतर विंडोजवर चालणारा 'आयएमजी टू पीएनजी' हा मोफत प्रोग्राम वापरायचा, तो हे सगळं स्वतः ओळखतो आणि पीएनजी काढून देतो. दुसरा उपाय बरा. शिक्षकाचा वेळ तिरक्या चित्रात जाऊ नये.

रंगीत चित्राची कृती थोडी सविस्तर देतो, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. कॅसिनीचे कॅमेरे रंग टिपत नाहीत. प्रत्येक चित्र कृष्णधवल, प्रकाश टिपणाऱ्या चिपपुढे फिल्टरच्या दोन चकत्या आणि दर वेळी दोन्ही चकत्यांतला एकेक फिल्टर समोर येतो. म्हणून तक्त्यात नाव जोडीने असतं. 'सीएल1 + सीएल2' म्हणजे दोन्ही स्वच्छ काचा, त्यातून रंग निघत नाही. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यात लालसाठी 'रेड + सीएल2', हिरव्यासाठी 'सीएल1 + जीआरएन' आणि निळ्यासाठी 'बीएल1 + सीएल2' अशा तीन जोड्या लागतात. त्या एकाच मिनिट-दोन मिनिटांच्या आत टिपलेल्या असाव्यात.

तिन्ही सुधारलेल्या फाइली उतरवा, पीएनजी करा. इथे काळजी एकच : तिन्हींना उजेडाची मोजपट्टी सारखीच हवी. प्रत्येक फाइल वेगवेगळी ताणून उजळ केली की रंग खोटे येतात, शनी गुलाबी किंवा हिरवट दिसायला लागतो. ब्राउज चित्रांतून किंवा नासाच्या पानावरच्या कच्च्या जेपेगमधून केलेली रंगीत चित्रं बिघडतात ती याच कारणाने, तिथे प्रत्येक चित्र आपोआप ताणलेलं असतं. मग गिम्पमध्ये तिन्ही चित्रं थर म्हणून उघडा. वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' ठेवून बाणांच्या बटणांनी सरकवत राहा. चकतीची कड काळी झाली की थर जुळले. दुसऱ्या जोडीलाही तेच. शेवटी 'कलर्स' मधल्या 'कंपोनंट्स'मध्ये जाऊन 'कंपोज' करा आणि आरजीबी निवडा. चौकटीत चंद्र असेल तर तो मधल्या वेळात सरकलेला असतो, त्यामुळे ग्रह जुळवला की चंद्राभोवती लाल-निळी कड राहते. चंद्र वेगळा जुळवून वर चिकटवावा लागतो.

टायटनसाठी ही कृती वापरली तर नारिंगी धुकट चेंडू मिळतो. तो बरोबरच आहे, डोळ्याला तसाच दिसेल. जमीन पाहायची असेल तर 'सीबी3' फिल्टर शोधा, 938 नॅनोमीटरचा. त्या प्रकाशाला धुकं बरंच आरपार जाऊ देतं.

चौकटीत किती बारीक दिसेल याचा हिशेब तोंडपाठ ठेवण्याजोगा आहे. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यात 1 लाख किलोमीटरवरून एक ठिपका सुमारे 600 मीटर, रुंद कॅमेऱ्यात सुमारे 6 किलोमीटर. अंतर दुप्पट तर ठिपकाही दुप्पट. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याची चौकट अवघी 0.35 अंश, म्हणजे आपल्या आकाशातला पौर्णिमेचा चंद्रही त्यात पुरा मावला नसता. म्हणूनच शनीचं निरोपाचं मोठं चित्र रुंद कॅमेऱ्याने घेतलं. 13 सप्टेंबरला दोन तासांत 80 चित्रं टिपली आणि त्यातली 42 जोडून ते बनलं. या चौकटी ओपसमध्ये सुट्या मिळतात. दहावीच्या पुढच्या मुलांच्या गटाला जोडणीचा प्रकल्प द्यायचा तर हाच द्यावा, दोन-तीन रविवार पुरतात.

फाइलच्या नावातही शिकवण्याजोगं आहे. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याला 'एन', रुंदला 'डब्ल्यू', आणि पुढे दहा आकडे. ते यानाच्या घड्याळातले सेकंद, साधारण 1 जानेवारी 1958 पासून मोजलेले. 14 सप्टेंबर 2017 च्या फाइली 1884 ने सुरू होतात. दोन फाइलींच्या नावांची वजाबाकी केली की त्यांच्यात किती सेकंद गेले ते मिळतं, त्यासाठी लेबल उघडायचीही गरज नाही.

2013 च्या 19 जुलैची पृथ्वीची चित्रं याच संग्रहात आहेत. कॅसिनी शनीच्या सावलीत होतं आणि तिथून पृथ्वी 144 कोटी किलोमीटरवर एक निळसर ठिपका दिसली. आपल्याकडे तेव्हा 20 जुलैची पहाट, तीनच्या आसपासची वेळ होती, भारत अंधाऱ्या बाजूला. 'त्यात आपलं गाव दिसतं का' या प्रश्नाचं खरं उत्तर हे असं द्यावं.

शनी एका राशीत अडीच वर्षं, तीन राशी मिळून साडेसाती, हा हिशेब नस्तनपूरच्या शनिमंदिरात तेल वाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. शनीची प्रदक्षिणा साडेएकोणतीस वर्षांची, तिला बाराने भागलं की अडीच येतात. कॅसिनीने शनीजवळ 13 वर्षं काढली, म्हणजे पाच राशींहून जास्त. एवढ्या काळात शनीच्या उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा उन्हाळा झाला. ओपसमध्ये 2012 ते 2016 मधली उत्तर ध्रुवाची चित्रं काढा : तिथली षट्कोनी वाऱ्याची चौकट आधी निळसर, नंतर सोनेरी झालेली दिसेल. ऋतूमुळे हवेत धुकं वाढलं हे त्याचं सर्वांत पटणारं कारण.

कॅमेऱ्याशिवायची उपकरणं शोधायला गेलात तर सेवेचा दर्जा घसरतो. धूळकण मोजणाऱ्या, वायू मोजणाऱ्या उपकरणांची माहिती संग्रहाच्या वेगवेगळ्या शाखांत विखुरलेली आहे, ती आकड्यांच्या लांबच लांब तक्त्यांत आहे आणि शाळेला तिचा फारसा उपयोग नाही. पण तिचं मोल मोठं आहे. एन्सेलॅडसच्या बर्फकणांत फॉस्फेट असल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं, ते यान संपल्यावर सहा वर्षांनी, याच जुन्या नोंदी पुन्हा तपासून. पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे वेळ घालवावा.

चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, याची नोंद त्यात आहे, शके 1128 ची. विद्वान गेल्यावर त्याची विद्या चालू राहावी म्हणून पैशाची, जागेची, माणसांची तरतूद लागते, हे आपल्या मुलखात आठशे वर्षांपूर्वी कोरून ठेवलंय. ओपस ही त्याच जातीची तरतूद आहे. यान उडवण्याइतकंच हे काम मोलाचं आहे असं आम्हाला वाटतं.

उणीव विचाराल तर भाषेची. सगळं इंग्रजीत, आणि तेही संशोधकांच्या इंग्रजीत. मराठी शाळेतल्या मुलाला 'फेज अँगल' म्हणजे सूर्य, चंद्र आणि यान यांच्यातला कोन हे कोणी तरी सांगावंच लागतं. शिक्षकाने पंधरा-वीस शब्दांची यादी करून भिंतीवर लावली तर काम चालतं. मोबाइलच्या लहान पडद्यावर अटींचे कप्पे हाताळणंही त्रासाचं, संगणक लागतोच.

मंगळयानाची तुलना निघतेच. 2014 च्या सप्टेंबरात मंगळाभोवती पोचलेलं, सहा महिन्यांसाठी बनवलेलं आपलं यान आठ वर्षं टिकलं आणि लांबलचक ग्रहणांत बॅटरी उतरून 2022 मध्ये संपलं. त्याची माहिती इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर आहे, पण नोंदणी करावी लागते. दोन्ही दाखवा, फक्त नोंदणी कार्यक्रमाच्या आधी उरका. शेवटच्या झेपेचा मार्ग दाखवायला नासाचं 'आइज' हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. ते चित्र संगणकाने रचलेलं आहे हे मुलांना आधी सांगावं, आणि ते नेटवर अवलंबून असल्याने सभागृहातली रेंज अगोदर तपासावी. ओपसची चित्रं मात्र आदल्या रात्री उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतात, वीज किंवा रेंज गेली तरी लॅपटॉपवर कार्यक्रम पुढे चालतो.

छापायचं असेल तर : 1024 ठिपक्यांचं चित्र चांगल्या कागदावर 300 डीपीआयला जेमतेम साडेआठ सेंटीमीटर येतं, 150 ला सतरा. फ्लेक्सवर 3 बाय 3 फूट केलं तर इंचाला 28 ठिपके पडतात, आठ-दहा फुटांवरून ते चालतं, पण आधी गिम्पमध्ये तिप्पट मोठं करून द्या, नाहीतर चौकोन दिसतात. फ्लेक्सवरचा काळा रंग करडा पडतो आणि कड्यांच्या अंधुक भागात पट्टे उमटतात. दुकानदाराकडून आधी हातभर तुकडा छापून घ्या, पार्श्वभूमी थोडी जास्त काळी करून. यानाचं शेवटचं चित्र, ज्या जागी ते शिरणार होतं तिथलं, शनीच्या रात्रीच्या बाजूचं आहे. तिथे उजेड कड्यांवरून परतलेला, फिका. ते फ्लेक्सवर मरतं, फोटो-कागदावरच घ्या. खाली मराठीत तारीख, वेळ आणि फाइलचं पूर्ण नाव छापा, म्हणजे पाहणाऱ्या कोणालाही ते नाव ओपसमध्ये टाकून मूळ चित्र काढता येईल.